मोठ्या दुकानातली नोकरी आणि सम्यक आजीविका

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



समितीने आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. व्यासपीठावर बोलायचं ते प्राध्यापकांनी, वकिलांनी, साहेब लोकांनी, अशी आपल्याकडे रीत पडून गेली आहे. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्यांनी काय बोलावं? पण अध्यक्षसाहेब म्हणाले, घड्या कशा घालता तेच सांगा. म्हणून हे भाषण आम्ही सात-आठ जणांनी मिळून लिहिलं आहे आणि वाचायला एकाला पुढे केलं आहे. आम्ही म्हणजे या वस्तीतली आणि आजूबाजूची, मोठ्या दुकानांत काउंटरवर उभी राहणारी मुलं-मुली. कुणी साड्यांच्या मजल्यावर, कुणी जेन्ट्स शर्टात, कुणी चपला-बुटांत, तर कुणी बिलिंगला.

ज्याला डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात ती काही काल-परवाची गोष्ट नव्हे. इंग्रज अमदानीत मुंबईच्या हॉर्नबी रोडवर, म्हणजे आताच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, व्हाइटअवे लेडलॉचं टोलेजंग दुकान होतं. पुढे १९४८ साली नायगावात कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला. १९९१ मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप निघालं आणि तिथून वातानुकूलित दुकानांची लाटच आली. या लाटेत आपल्या वस्त्यांमधली दहावी-बारावी झालेली, बी.ए. झालेली हजारो पोरं गणवेश घालून उभी राहिली. गिरण्या बंद पडल्या, सरकारी भरती आटली, मग जायचं कुठं? सांगायचा मुद्दा असा की हे काम आम्ही हौसेनं निवडलं असं कोणी समजू नये. पण निवडलं नाही म्हणून त्याची लाज वाटते असंही नाही.

आमच्या आज्या सांगतात, गावच्या दुकानाच्या ओट्याखाली उभं राहून सामान मागावं लागायचं. पैसे ओट्यावर ठेवायचे, दुकानदार ते पाणी शिंपडून उचलायचा आणि मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा. हात लागू द्यायचा नाही. त्याच आज्यांची नात आज साडीच्या काउंटरवर उभी राहून पैठणीचा पदर कुणाच्याही खांद्यावर टाकून दाखवते आणि समोरची बाई आरशात बघून म्हणते, छान दिसतोय ना गं? हा बदल आपोआप झाला नाही. तो कोणामुळे झाला हे या विहारात सांगण्याची गरज नाही.

तरी पण ओटा सगळा गेला म्हणू नका. आमच्या बिल्ल्यावर फक्त नाव असतं, आडनाव नसतं. गिऱ्हाईक सहज विचारतं, पूर्ण नाव काय हो तुमचं? गाव कुठलं? गावात कुठल्या आळीत घर? तीन प्रश्नांत काम होतं. काही जणांचा चेहरा बदलतो, काही जण दुसऱ्या पोराला हाक मारतात. बहुतेकांना काही फरक पडत नाही हेही खरं आणि तेही सांगितलं पाहिजे. आणि ओटा फक्त जातीचाच असतो असं थोडंच आहे? १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ एक मोठा मॉल सुरू झाला, तेव्हा ज्याच्याकडे मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याला आत शिरायला साठ रुपये भरावे लागायचे. ओरड झाली, मग ते बंद करावं लागलं. आजही फाटक्या चपलेचा माणूस दारात आला की रखवालदार आधी त्याच्या पायांकडे बघतो. आम्ही आपसात ठरवून टाकलं आहे, असा माणूस मजल्यावर आला की आमच्यापैकी कोणीतरी पुढे होऊन "या दादा, काय दाखवू" म्हणायचं. साहेब काही का म्हणेनात.

आता दिवस कसा जातो ते सांगतो. दुकान दहाला उघडतं, पण आम्ही साडेनऊला हजर. बॅग लॉकरात, मोबाईल लॉकरात, खिशात पैसे किती आहेत ते रजिस्टरात लिहायचं. मग ब्रीफिंग, म्हणजे काल धंदा किती झाला आणि आज किती करायचा याची उजळणी. टार्गेट महिन्याचं असतं पण मोजलं रोज जातं. मग घड्या. शर्टाची घडी पुठ्ठ्यावर घालायची, कॉलर उभी, साइझ अडतीसपासून चव्वेचाळीसपर्यंत वरून खाली. गिऱ्हाईक खालचाच ओढतं, गठ्ठा पडतो, परत घड्या. ट्रायल रूममध्ये दहा कपडे घेऊन गेलेला माणूस एक घेतो आणि नऊ उलटेपालटे टाकून जातो. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर विकतो. खरं म्हणजे आम्ही दिवसभर आवरतो, मधूनमधून विकतो.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. एका मजल्यावर तिघं एकाच गणवेशात उभे असतात, पण एकाला पगार दुकान देतं, दुसऱ्याला कपड्याची कंपनी देते आणि तिसऱ्याला एजन्सी देते. काम एकच, सुट्टीचे नियम तीन. एकाला इन्सेंटिव्ह मिळतो, दुसऱ्याला नाही. एजन्सीवाल्याचा प्रॉव्हिडंट फंड खरंच भरला जातो की नाही हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. जे पालक इथे बसले आहेत त्यांना आमचं सांगणं आहे, पोरगा नोकरीला लागला म्हणून पेढे वाटण्याआधी नेमणुकीचं पत्र कुणाच्या नावाचं आहे ते वाचून बघा.

आता मुख्य विषयाकडे येतो. सम्यक आजीविका. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शर्ट विकणं यात कुठंच येत नाही, तेव्हा आम्ही सुटलो, असं वाटू शकतं. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. त्याला पुढे बराच विरोध झाला. पण त्या दिवसांत किराणा-विभागातल्या आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, उद्या मला त्या कप्प्यापाशी उभं केलं तर मी पंचशीलातलं पाचवं शील कुठल्या तोंडाने घेऊ? पगार घरात, शील विहारात, अशी वाटणी करता येते का? आम्हाला उत्तर आलं नाही. भन्तेजींनी यावर कधी तरी बोलावं.

पण आमची रोजची गाठ पाचव्यापेक्षा चौथ्या शीलाशी आहे. खोटं बोलायचं नाही. काउंटरवर ही कसोटी दिवसातून पन्नास वेळा लागते. उदाहरणार्थ, साडीवर चिठ्ठी असते "आर्ट सिल्क". बाई विचारते, हे रेशीमच ना? आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्ट म्हणजे आर्टिफिशियल, नकली रेशीम. चिठ्ठीत खोटं काहीच नाही आणि बाई फसते. आम्ही नुसतं "सिल्क आहे ताई" म्हणालो की पावती फाटते. खरं रेशीम ओळखायचं तर एक धागा जाळून बघावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर रेशीम. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. दुकानात धागा जाळता येत नाही, म्हणून तर विक्रेत्याच्या शब्दावर सगळं अवलंबून.

तसंच सेलचं. पाटीवर "५० टक्के" हे हातभर अक्षर आणि त्याच्या खाली "पर्यंत" हे मुंगीएवढं. अर्ध्या किमतीचा माल एका कोपऱ्यात दोन रॅक, बाकी सगळा दहा-वीस टक्क्यांत. माणूस घरून सगळ्यांना घेऊन येतो, रिक्षाचे पैसे घालवतो, आणि शेवटी आमच्यावर ओरडतो. पाटी आम्ही लिहिलेली नसते. पण तोंड आमचं असतं.

मग आम्ही काय करतो? हे सांगताना फुशारकी मारायची नाही, जे जमतं तेवढंच सांगतो. विचारलं तर खरं सांगायचं. कपडा धुतल्यावर आटेल का, रंग जाईल का, याचं सरळ उत्तर द्यायचं. अंगावर बसत नसेल तर "एकदम मस्त" म्हणायचं नाही, दुसरा साइझ आणून द्यायचा. आणि अनुभव असा आहे की महिन्याच्या टार्गेटला याने थोडा मार बसतो, पण वर्षाच्या हिशेबात बसत नाही. कारण तीच बाई पुढच्या लग्नसराईला येऊन विचारते, ती मागच्या वेळची मुलगी कुठाय? अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. त्याला मालाची पारख असावी, खरेदी-विक्रीचं कसब असावं आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असावा, इतका की धनवान माणूस त्याला आपण होऊन भांडवल देईल. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवंत दुकानदारीवर बोलले ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. आमचे ट्रेनिंगवाले साहेब हेच इंग्रजीत सांगतात आणि त्याचा वेगळा पगार घेतात.

जातक कथांमध्ये एक सेरिवाणिज जातक आहे. बालसंस्कार वर्गातल्या मुलांना ते जरूर सांगावं. दोन फेरीवाले एका नगरात माल विकायला जातात. एका पडत्या घरात म्हातारी आणि तिची नात. नातीला दागिना हवा, घरात पैसा नाही, म्हणून अडगळीतली एक काळवंडलेली थाळी पुढे करतात. पहिला फेरीवाला सुईने ओरखडा काढून बघतो, थाळी सोन्याची असल्याचं ओळखतो, आणि अर्ध्या माशाचीही नाही म्हणून फेकून निघून जातो. विचार असा की परत येऊन फुकटात न्यावी. नंतर दुसरा येतो. तो म्हणतो, आजी, ही लाख मोलाची आहे, एवढा पैसा माझ्याजवळ नाही. मग ती दोघी राजीखुशीने म्हणतात, असेल ते दे. तो जवळचे पाचशे कार्षापण आणि पाचशेचा माल देऊन टाकतो, तराजू, पिशवी आणि आठ नाणी तेवढी मागून घेतो. आम्हाला या गोष्टीत सोन्यापेक्षा त्या आठ नाण्यांचं कौतुक वाटतं. धर्मात्मा झाला तरी नावाड्याला द्यायला सुटे पैसे लागतात, आणि धंदा पुढे चालायचा तर तराजू लागतो. सचोटी म्हणजे घरदार लुटवणं नव्हे, हे त्या गोष्टीने बरोबर हेरलं आहे.

इथवर आमच्या बाजूचं झालं. आता मालकाच्या बाजूचं. सिगालोवाद सुत्तात मालकाने नोकराची काळजी पाच प्रकारे घ्यावी असं सांगितलं आहे. शक्ती बघून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावं आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. नोकराची कर्तव्यंही पाच सांगितली आहेत. मालकाआधी उठावं, त्याच्यानंतर निजावं, दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, मालकाचं नाव चांगलं राखावं. आमच्या पाचाची तपासणी रोज होते. दिलं तेवढंच घेतो की नाही यासाठी निघताना झडती होते, बॅगेतला रिकामा डबासुद्धा उघडतात. झडतीलाही आम्ही हरकत घेत नाही, सगळ्यांची होत असेल तर. पण मालकाच्या पाचाची तपासणी कोणी करायची? वर्षातून रात्र-रात्र जागून स्टॉक मोजतात, माल कमी भरला की काही ठिकाणी तो घाटा मजल्यावरच्या पोरांच्या पगारातून वळता होतो. चोरी गिऱ्हाईकाने केली, टॅग काढणाऱ्या टोळीने केली, की बिलातच चूक होती, हे कुणी बघत नाही. अदिन्नादानापासून विरत राहण्याचं शील घेतलेल्या पोराच्या पगारातून चोरीचे पैसे कापले की त्याच्या मनाला काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे.

"शक्ती बघून काम" हे तर जरा सविस्तरच बोललं पाहिजे. हे काम उभ्याचं आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर बसायचं नाही. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेला विक्रेता आळशी दिसतो. भिंतीला टेकायचं नाही. संध्याकाळी पाय सुजतात, पोटऱ्यांवर निळ्या शिरा येतात. मुलींना पाळीच्या दिवसांतही तेच. स्वच्छतागृह दोन मजले खाली, जायला परवानगी काढायची, म्हणून कित्येक जणी पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ आणि दवाखाना. महिला मंडळाच्या ताईंना विनंती आहे की पोरी घरी आल्यावर पाय वर करून पडल्या तर "दिवसभर एसीत तर असतेस" असं म्हणू नका. एसी पायांना लागत नाही.

यावर कोणी काही केलंच नाही असं नाही. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवूतल्या बायकांनी, पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने, बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला. २०१८ साली केरळ सरकारने दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामाच्या जागी बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसंच केलं. एक साधं स्टूल! त्यासाठी कायदा करावा लागला. बघा, १९४८ च्या कारखाना कायद्यात उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी तरतूद होती. मशीनवरच्या माणसाला पाय असतात हे तेव्हाच मान्य झालं होतं. काउंटरवरच्या माणसालाही असतात हे कळायला सत्तर वर्षं गेली, तेही दोन राज्यांत. आपल्याकडे असं कलम यावं म्हणून विहार समितीने ठराव करून कामगार मंत्र्यांना पाठवावा, असं आम्ही सुचवतो. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची आहे. त्यांच्या नावाने चालणाऱ्या विहाराने कामाच्या तासांवर ठराव केला तर त्यात वावगं काय?

कारण तास पुन्हा वाढू लागले आहेत. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे नऊ तास होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दहा करायला मंजुरी दिली. जाण्या-येण्याचे दोन-तीन तास धरा, घरी उरतं काय?

सुट्टीचं मात्र सगळ्यांनी नीट लक्षात ठेवावं, कारण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. २०१७ च्या त्याच कायद्याने वर्षाला आठ पगारी सणांच्या सुट्ट्या दिल्या. त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. म्हणजे १४ एप्रिल त्यात घालून घ्यायचा असेल तर एप्रिलमध्ये साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहून उपयोग नाही, डिसेंबरमध्ये अर्ज गेला पाहिजे, आणि सगळ्यांच्या सह्यांनी गेला पाहिजे. एकट्याचा अर्ज म्हणजे कुरकुर, तीस जणांचा म्हणजे मागणी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं अधिक अवघड आहे, कारण अशोक विजयादशमी नेमकी दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर येते आणि तेव्हा सगळ्यांच्याच रजा बंद असतात. आमच्यातल्या काहींनी नोकरी लागल्यापासून दीक्षाभूमी पाहिलेली नाही. या वर्षी आम्ही दोन दुकानांतून सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. इतर समाजाच्या सहकाऱ्यांनीही सह्या दिल्या, बदल्यात आम्ही त्यांच्या ईदला आणि नाताळला त्यांच्या काउंटरवर उभं राहू असं कबूल केलं आहे. काय होतं ते कळेलच.

शेवटी एक मागणी मालकाकडे नाही, आपल्याच घरात. विहाराचे सगळे कार्यक्रम रविवारी असतात. वंदना रविवारी, धम्मप्रवचन रविवारी, बालसंस्कार वर्ग रविवारी, मीटिंग रविवारी. रविवारी आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी, त्या दिवशी रजा मागणाराला येड्यात काढतात. आमची साप्ताहिक सुट्टी असते मंगळवारी नाही तर बुधवारी. त्या दिवशी आम्ही विहाराकडे येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. वस्तीत लोक म्हणतात, आजकालची पोरं विहारात फिरकत नाहीत. आम्ही फिरकतो, पण कुलूप बघून परत जातो. आमच्यासारखेच हॉटेलात, हॉस्पिटलात, सिक्युरिटीत काम करणारे वस्तीत कमी नाहीत. मोजदाद केली तर निम्मी तरुण पोरं निघतील.

तेव्हा दर मंगळवारी सकाळी आठ वाजता तासभर वंदना आणि त्यानंतर थोडं वाचन सुरू करावं. भन्तेजींना दर वेळी यायला जमलं नाही तरी चालेल, आम्ही आमचं म्हणू. झाडलोट आम्ही करू, मेणबत्ती-फुलांचा खर्च आम्ही वर्गणी काढून भागवू. फक्त किल्ली सोमवारी रात्री कोणाकडून घ्यायची, एवढं समितीने आज इथंच सांगावं.

जयभीम! नमो बुद्धाय!